घटक 6 : कायदेविषयक नमुन्यांचा शोध

6.1 प्रास्ताविक

मागील घटकात आपण कार्यालयीन अर्जाची भाषा अभ्यासली. अर्ज लिहिण्यापूर्वी योग्य नमुना शोधावा लागतो. हे काम ग्रंथपालाचे किंवा वकिलाचे आहे असे वाटण्याचा संभव आहे. परंतु त्याचा आरंभ भाषेपासून होतो.

काही वर्षांपूर्वी संपर्कसत्रास येणाऱ्या एका विद्यार्थिनीला दिवंगत पतीच्या नावावरील शेअर स्वतःच्या नावे करून घ्यावयाचे होते. ‘वारस दाखला आणा’ असे तिला सांगण्यात आले. तिने गावी जाऊन जमिनीच्या वारस नोंदीचा उतारा आणला. तो परत आला. मग न्यायालयाबाहेर विकत मिळालेला छापील अर्ज भरला. तोही वेगळ्याच दाखल्याचा निघाला. यात सहा-सात महिने गेले. तिच्या लेखनात एकही दोष नव्हता.

6.2 आधी संज्ञा, मग नमुना

बोलीत ‘वारस दाखला’ हा शब्द किमान तीन गोष्टींसाठी वापरला जातो. पहिली, महसुली अभिलेखातील वारस नोंद. ती महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 खाली तलाठ्यामार्फत, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्यामार्फत होते आणि जमिनीपुरतीच असते. दुसरी, मृताचा वारस म्हणून न्यायालयाकडून मिळणारे वारस प्रमाणपत्र. त्याचा आधार 1827 चा मुंबई विनियम 8 हा आहे. तिसरी, भारतीय उत्तराधिकार अधिनियम, 1925 खालील उत्तराधिकार प्रमाणपत्र. मृताची येणी व रोखे यांच्यासाठी हे प्रमाणपत्र असते. शेअर हे रोख्यांत मोडतात. म्हणून आपल्या विद्यार्थिनीला हवा होता तो हा तिसरा कागद.

कोणत्याही नमुन्याच्या शोधात पहिला प्रश्न असा विचारावा : हा कागद कोणत्या अधिनियमाच्या कोणत्या कलमाखाली मागितला आहे? मागणाऱ्या कार्यालयाकडूनच हे लेखी घ्यावे. संकोच करू नये. कलम कळले की निम्मा शोध संपतो. मराठी संज्ञेबद्दल शंका असल्यास भाषा संचालनालयाचा ‘न्यायव्यवहार कोश’ पाहावा.

6.3 विहित नमुना आणि मार्गदर्शक नमुना

‘नमुना’ हा मूळचा फारसी शब्द मराठी प्रशासनात इतका रुळला, की गाव नमुना 7 आणि गाव नमुना 12 यांचे आकडेच एकत्र येऊन ‘सातबारा’ हे नाम तयार झाले. मात्र या एका शब्दात दोन अर्थ दडले आहेत. कायद्याने किंवा नियमाने ठरवून दिलेला तो विहित नमुना. अनुभवी वकिलांनी ग्रंथात उदाहरणादाखल दिलेला तो मार्गदर्शक नमुना. पहिल्यातील रकाने आपल्या सोयीने गाळता येत नाहीत; दुसरा मात्र आपल्या प्रकरणातील वस्तुस्थितीनुसार बदलावाच लागतो. दुसऱ्याच्या प्रकरणातील वाक्ये जशीच्या तशी उतरविणे धोक्याचे असते, कारण अर्जाखालील सत्यापनावर सही आपली असते.

या दोहोंच्या मधलीही एक स्थिती आहे. दिवाणी प्रक्रिया संहिता, 1908 च्या परिशिष्ट ‘अ’ मध्ये वादपत्रांचे नमुने आहेत. ते लागू पडत नसतील तेथे शक्य तितका त्यांच्याशी मिळताजुळता नमुना वापरावा, असे संहितेचा आदेश 6, नियम 3 सांगतो.

6.4 ग्रंथालयात

विधी महाविद्यालयाच्या किंवा वकील संघाच्या ग्रंथालयात बाहेरच्या वाचकास प्रवेश आहे का, हे आधी विचारून घ्यावे. ड्यूई दशांश पद्धती असलेल्या ग्रंथालयात कायद्याचे ग्रंथ 340 पासून पुढे लावलेले असतात. अधिनियमाची प्रत हाती आली की ती शेवटून उघडावी. अनुसूची व परिशिष्टे तेथे असतात. उत्तराधिकार प्रमाणपत्राचा नमुना 1925 च्या अधिनियमाच्या आठव्या अनुसूचीत सापडेल. त्यासाठीच्या अर्जात कोणता तपशील असावा, हे मात्र कलम 372 मध्ये आहे. मृत्यूची वेळ, मृताचे नेहमीचे निवासस्थान, कुटुंबीय व निकटचे नातेवाईक, अर्जदाराचा हक्क, येणी व रोखे इत्यादी बाबी तेथे सांगितल्या आहेत.

अधिनियमात नमुना न आढळल्यास नियम पाहावेत. माहितीचा अधिकार अधिनियम, 2005 मध्ये अर्जाचा नमुना नाही; तो महाराष्ट्राच्या 2005 च्या नियमांत जोडपत्र ‘अ’ म्हणून आहे. मार्गदर्शक नमुन्यांसाठी वादपत्रांबाबत मोघा यांचा आणि दस्तऐवजांबाबत डिसूझा यांचा ग्रंथ मागावा. इंग्लंडमधील नमुना-कोशांचे जाडजूड खंडही कपाटात दिसतील; त्यांचा मोह टाळावा.

ग्रंथाचे आवृत्तिवर्ष अवश्य पाहावे. 1 जुलै 2024 पासून फौजदारी प्रक्रिया संहिता, 1973 ची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, 2023 ने घेतली. पोटगीचा जुना ‘कलम 125’ चा अर्ज आता कलम 144 खाली येतो. जुन्या पुस्तकातील नमुना उतरविताना हे ध्यानात ठेवावे.

6.5 संकेतस्थळांवर

केंद्र व राज्य अधिनियमांसाठी ‘इंडिया कोड’, नव्या नियमांसाठी शासकीय राजपत्र आणि स्थानिक अर्जांसाठी संबंधित न्यायालयाचे संकेतस्थळ, असा क्रम सोयीचा. खाजगी संकेतस्थळावरील आयता नमुना मूळ अनुसूचीशी ताडून पाहिल्याखेरीज वापरू नये.

नमुना सापडूनही कोणता मजकूर भरावा हे न उमगल्यास जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाच्या कलम 12 खाली स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती इत्यादींना उत्पन्नाची अट न लावता विनामूल्य विधी सेवा मिळू शकते. आपल्या विद्यार्थिनीचा अर्ज अखेर तेथेच तयार झाला.

6.6 स्वाध्याय

1. आपल्या परिसरात ‘दाखला’ हा शब्द कोणकोणत्या कागदांसाठी वापरतात, याची नोंद करा व प्रत्येकाचा कायदेशीर आधार शोधा.
2. माहिती अधिकाराच्या अर्जाचा विहित नमुना मिळवून त्यातील तीन पारिभाषिक संज्ञांचा अर्थ सोप्या मराठीत लिहा.