व्याळू : दिवसाचे शेवटचे अन्न

संध्याकाळच्या जेवणाला मराठीत एक जुना शब्द आहे – व्याळू. गुजरातीत त्याला ‘वाळु’ म्हणतात, हिंदीच्या ग्रामीण बोलींत ‘ब्यालू’. आज आपण ‘रात्रीचे जेवण’ म्हणतो किंवा सरळ ‘डिनर’. शब्द बदलला, तशी वेळही दिवेलागणीकडून दहा-साडेदहाकडे सरकली. या जेवणाभोवतीच्या जुन्या शब्दांत साधनेचे तीन पाठ दडलेले आहेत. ते आज समजून घेऊ.

१. वेळेचा संयम

व्रतांमध्ये ‘एकभुक्त’ आणि ‘नक्त’ असे दोन प्रकार सांगितले आहेत. एकभुक्तात दिवसा एकदाच जेवायचे. नक्तात दिवस उपवासात काढून रात्री एकदाच. जैन परंपरेत ‘चौविहार’ पाळणारे सूर्यास्तानंतर अशन, पान, खादिम आणि स्वादिम या चारही प्रकारच्या आहाराचा त्याग करतात. बौद्ध भिक्षूंना ‘विकालभोजन’, म्हणजे मध्यान्हानंतरचे जेवण, वर्ज्य असते.

नियम वेगवेगळे, अगदी उलटसुलट वाटावेत असे आहेत. पण सर्वांत एक गोष्ट समान आहे : केव्हा खायचे हे जीभ ठरवत नाही, संकल्प ठरवतो. १९१५ साली हरिद्वारच्या कुंभमेळ्याच्या वेळी महात्मा गांधींनी व्रत घेतले, की २४ तासांत पाचांपेक्षा अधिक पदार्थ खायचे नाहीत आणि अंधार पडल्यावर जेवायचे नाही. त्यांच्या आत्मकथेत याची नोंद आहे.

२. सूर्याने आणलेला पाहुणा

धर्मशास्त्रात संध्याकाळी दारी येणाऱ्या अतिथीला ‘सूर्योढ’ म्हटले आहे, म्हणजे मावळत्या सूर्याने आणून पोहोचवलेला. अशा पाहुण्याला गृहस्थाने परत पाठवू नये, तो वेळेवर येवो की अवेळी, घरात उपाशी राहू नये, असा दंडक आहे. सकाळी निघालेला वाटसरू पुढचे गाव गाठू शकतो. रात्री तो कुठे जाणार? म्हणून संध्याकाळचे अन्न केवळ घरच्यांचे नसते.

३. शेष

गीतेच्या तिसऱ्या अध्यायात भगवंत सांगतात, की यज्ञातून उरलेले अन्न खाणारे पापमुक्त होतात आणि जे केवळ स्वतःसाठी शिजवतात ते पापच खातात. आधी इतरांना, मग स्वतःला, हा त्याचा व्यवहारातला अर्थ.

पण येथे थोडे थांबून आपल्या स्वयंपाकघराकडे पाहू. रोज शेवटी कोण जेवते? गार झालेली भाकरी आणि तळाशी उरलेली भाजी कोणाच्या ताटात पडते? बहुतेक घरांत ती आई असते, पत्नी असते किंवा सून. स्वेच्छेने मागे राहणे हा यज्ञ आहे. मात्र एकाच व्यक्तीच्या वाट्याला ते रोज येत असेल, तर तो तिचा त्याग म्हणून गौरवून आपण आपला आळस झाकत असतो. शेष घेण्याची पाळी प्रत्येकाची आली पाहिजे.

या आठवड्याचा अभ्यास

• व्याळूची एक वेळ ठरवावी आणि सात दिवस पाळावी. आजारी व्यक्ती, लहान मुले व औषधे घेणारे यांनी आपल्या प्रकृतीप्रमाणे वेळ ठेवावी.
• पाने वाढल्यावर दूरदर्शन व मोबाईल बंद करून क्षणभर अन्नदात्याचे स्मरण करावे.
• जी व्यक्ती रोज वाढते, तिला निदान एक दिवस आधी बसवून गरम वाढावे. मागची आवराआवरही इतरांनी करावी.
• ताटावर बसण्यापूर्वी शेजारी एकटे राहणारे आजोबा किंवा इमारतीचा रखवालदार यांची विचारपूस करावी.

आपल्याकडे संध्याकाळनंतर कोणी भेटले, की सहज विचारले जाते, “जेवलात का?” हा प्रश्न आपण सवयीने विचारतो. या आठवड्यात तो उत्तर ऐकण्यासाठी विचारू आणि उत्तर ‘नाही’ आले, तर एक पान अधिक मांडू.