रोजगाराचे वार्षिक आकडे : अर्थ आणि मर्यादा

देशात किती लोकांना काम आहे आणि किती जण कामाच्या शोधात आहेत, हे सांगणारे आकडे दरवर्षी प्रसिद्ध होतात. वृत्तपत्रांत त्यांपैकी बहुधा एकाच आकड्याची, बेकारीच्या दराची, चर्चा होते. परंतु नियोजनाच्या दृष्टीने हा आकडा एकट्याने वाचणे धोक्याचे असते.

मोजणीची परंपरा

पूर्वी सेवायोजन कार्यालयांतील नोंदी हेच बेकारीचे माप मानण्याकडे कल होता. परंतु तेथील नोंदणी ऐच्छिक असते. नोंदविलेल्यांपैकी काही जण आधीच नोकरीत असतात, तर खेड्यांतील असंख्य शेतमजूर त्या कार्यालयाची पायरीही चढत नाहीत. प्रा. दांतवाला यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीने १९७० साली या प्रश्नाचा ऊहापोह केला. भारतासारख्या कृषिप्रधान देशात बेकारी एकाच आकड्यात मांडता येणार नाही, असा तिचा निष्कर्ष होता. त्यानंतर १९७२-७३ मध्ये राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २७ व्या फेरीपासून रोजगाराची विस्तृत पाहणी साधारणतः दर पाच वर्षांनी होऊ लागली. एप्रिल २०१७ पासून तिची जागा नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणाने घेतली व वार्षिक आकडे मिळू लागले. २०२५ पासून मासिक अंदाजही प्रसिद्ध होत आहेत.

तीन प्रमाणे

काम करणारे आणि काम शोधणारे किंवा कामास उपलब्ध असणारे, या दोहोंना मिळून श्रमबल म्हणतात. एकूण लोकसंख्येशी श्रमबलाचे प्रमाण म्हणजे सहभाग दर आणि काम करणाऱ्यांचे प्रमाण म्हणजे कार्यरततेचा दर. बेकारीचा दर मात्र लोकसंख्येवर नव्हे, तर केवळ श्रमबलावर काढला जातो.

उदाहरणार्थ, एखाद्या गावात १५ वर्षांवरील १,००० व्यक्ती आहेत असे समजू. त्यांपैकी ५८० जण काम करतात व २० जण काम शोधत आहेत. श्रमबल ६०० झाले आणि बेकारीचा दर सुमारे ३.३ टक्के आला. पुढील वर्षी त्या २० जणांपैकी १० जणांनी निराश होऊन शोध सोडला, तर श्रमबल ५९० वर येईल आणि बेकारीचा दर १.७ टक्क्यांवर उतरेल. दर निम्म्यावर आला, परंतु एकालाही काम मिळालेले नाही! कार्यरततेचा दर मात्र ५८ टक्क्यांवरच राहील व खरी स्थिती दाखवील. म्हणून ही तिन्ही प्रमाणे एकत्र वाचावयाची असतात.

कालावधीचा प्रश्न

नेहमीच्या स्थितीनुसार मोजताना मागील ३६५ दिवस विचारात घेतात व ३० दिवस वा अधिक काळ केलेले दुय्यम कामही धरतात. साप्ताहिक स्थितीत मागील सात दिवसांत एक तास काम केलेली व्यक्तीही कार्यरत ठरते. २०२३-२४ मध्ये १५ वर्षांवरील व्यक्तींमध्ये बेकारीचा दर पहिल्या पद्धतीने ३.२ टक्के, तर दुसऱ्या पद्धतीने ४.९ टक्के होता. दोन्ही आकडे बरोबरच आहेत. विचारलेला प्रश्न वेगळा आहे. कोरडवाहू भागात खरिपाची सुगी आटोपल्यावर रिकामा बसणारा मजूर वार्षिक हिशेबात बेकार दिसत नाही. महाराष्ट्राने १९७२ साली रोजगार हमी योजना हाती घेतली, ती याच हंगामी रिकामपणाचा अनुभव ध्यानी घेऊन.

कामाचा दर्जा

२०१७-१८ मध्ये १५ वर्षांवरील स्त्रियांचा सहभाग दर २३.३ टक्के होता, तो २०२३-२४ मध्ये ४१.७ टक्के झाला. ही वाढ लक्षणीय आहे. तथापि याच काळात एकूण काम करणाऱ्यांमध्ये स्वयंरोजगारितांचा वाटा ५२.२ वरून ५८.४ टक्क्यांवर गेला आणि नियमित पगारदारांचा वाटा २२.८ वरून २१.७ टक्क्यांवर आला. घरच्या शेतीत किंवा दुकानात विनामोबदला राबणारी व्यक्तीही स्वयंरोजगारितच गणली जाते. अशा स्त्रीच्या श्रमांची नोंद होणे न्याय्यच आहे. परंतु तिच्या हाती पैसा येतो की नाही, हे कार्यरततेच्या दरावरून कळत नाही. त्यासाठी कामाचा प्रकार व मिळकतीचे कोष्टकही पाहिले पाहिजे.

गावपातळीवर उपयोग

हे सर्वेक्षण नमुन्यावर आधारित असल्याने त्यातून एका गावाचा आकडा काढता येत नाही. राज्याचा दर आपल्या पंचायतीस लागू करून "आमच्याकडे बेकारी नाही" असे म्हणणे चुकीचे ठरेल. कामाची मागणी कोणत्या महिन्यांत वाढते, ऊसतोडणीसाठी किती कुटुंबे स्थलांतर करतात, त्यांच्या मुलांची शाळेतील उपस्थिती केव्हा घटते, या नोंदी ग्रामपंचायत व शिक्षक यांच्यापाशीच असतात. राष्ट्रीय आकडे दिशा दाखवितात. कोणत्या गावात आणि कोणत्या महिन्यात काम सुरू करावयाचे, याचा निर्णय मात्र स्थानिक नोंदी पाहूनच घ्यावा लागेल.