पुढची काच फुटली: क्लेम करायचा की खिशातून भरायचं?

बाभुळगावहून यवतमाळ किंवा धामणगावकडे जाताना पुढच्या टिप्परमधली गिट्टी उडते आणि काचेला टिचका पडतो. ही काच दोन थरांची, मध्ये प्लास्टिकचा पातळ पापुद्रा. म्हणून ती फुटली तरी अंगावर कोसळत नाही. पण आपल्याकडच्या मे महिन्यात तापलेल्या काचेवर एसीचा गार झोत सोडला, की तोच टिचका आडव्या तड्यासारखा पसरतो. नाण्याएवढा आहे तोवर रेझिन भरून घ्या, नव्या काचेपेक्षा खूप स्वस्तात भागतं. तडा चालकाच्या नजरेसमोर असेल तर मात्र काच बदलाच.

नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर काचेचा एक रुपयाही मिळत नाही. फर्स्ट पार्टी असेल तर मिळतो, आणि चांगला मिळतो. रबर-प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा कापतात, काचेवर शून्य. तेव्हा फक्त काचेसाठी झिरो डेप (घसारा न कापण्याचं जादा संरक्षण) घेण्यात अर्थ नाही. आपल्या खिशातून जातात ते १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १,००० रुपये, त्यावरच्या गाडीला २,०००. काच चिकटवायच्या सीलंटचे पैसेही बहुधा आपल्यालाच भरावे लागतात.

खरा खर्च पुढे येतो, आणि तो काउंटरवर कोणी सांगत नाही. समजा, बिल ६,५०० रुपये झालं. क्लेममधून फार तर ५,५०० सुटतील. आता नो क्लेम बोनस बघा. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा हप्ता ६,००० धरू आणि आज ३५ टक्के सूट आहे. क्लेम नसता तर नूतनीकरणाला ४५ टक्के मिळाली असती, आता शून्य. म्हणजे २,७०० रुपये तिथेच गेले. पुढच्या वर्षी ५० ऐवजी २० टक्के, मग २५, ३५, ४५. हप्ता तेवढाच राहिला असं धरलं, तर पाच वर्षांत ७,२०० रुपये जास्त भरले, जीएसटी वेगळा. साडेपाच हजारांसाठी हा सौदा तोट्याचाच आहे.

काचेला कॅमेरा किंवा सेन्सर जोडलेला असेल, तर बिल फुगतं. तिथे क्लेम कराच. बोनस मुळातच शून्य असेल, पॉलिसीत बोनस संरक्षण घेतलेलं असेल किंवा त्याच अपघातात बॉनेटही चेपलं असेल, तरीही करा. काही कंपन्या नुसत्या काचेच्या क्लेमला बोनस कापत नाहीत, ते आधी विचारून घ्या.

क्लेम करायचा ठरला तर फुटलेल्या काचेचे फोटो काढून लगेच कंपनीला कळवा. पाहणी होण्याआधी काच काढू नका. आरसी, लायसन्स, पॉलिसी जवळ ठेवा. कॅशलेस सोय कंपनीच्या यादीतल्या गॅरेजमध्येच मिळते, म्हणून गाडी नेण्याआधी यवतमाळचं कोणतं गॅरेज यादीत आहे ते फोनवर पक्कं करा. आणि जुन्या काचेवरचा फास्टॅग काढला की निकामी होतो. काच बदलण्याआधीच बँकेकडे नवा मागवून ठेवा.