ट्राउट मासेमारीचे शुल्क : सार्वजनिक नदी आणि खासगी तळे

हिमाचल प्रदेशातील तीर्थन नदीत गळाने ट्राउट मासा पकडण्यासाठी राज्याच्या मत्स्यव्यवसाय विभागाचा परवाना घ्यावा लागतो. हाच मासा एखाद्याच्या खासगी तळ्यात पकडायचा असेल, तर पैसे मालकाला द्यावे लागतात. दोन्ही ठिकाणी हौशी मासेमार पैसे मोजतो. परंतु या दोन रकमांचे स्वरूप भिन्न आहे. नैसर्गिक साधनसंपत्तीच्या व्यवस्थापनाचा अभ्यास करताना हा भेद लक्षात घेणे आवश्यक आहे.

पार्श्वभूमी

ट्राउट हा मूळचा भारतीय मासा नव्हे. विसाव्या शतकाच्या प्रारंभी ब्रिटनमधून अंडी आणून काश्मीरमध्ये त्याची पैदास सुरू झाली. १९०९ मध्ये कुलू खोऱ्यात मत्स्यबीज केंद्र उभारण्यात आले. थंड व प्राणवायूयुक्त पाण्यात ब्राउन ट्राउट स्थिरावला; रेनबो ट्राउट प्रामुख्याने संवर्धनासाठी वापरला जातो. नद्यांमध्ये सोडल्या जाणाऱ्या मत्स्यबीजाचा खर्च मुख्यतः शासकीय केंद्रे करतात.

कायदेशीर चौकट

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीत 'मत्स्यव्यवसाय' हा २१ वा विषय आहे. १८९७ च्या भारतीय मत्स्यव्यवसाय अधिनियमानुसार, ज्या पाण्यावर व्यक्तीची अनन्य मालकी किंवा मासेमारीचा अनन्य हक्क असतो, ते 'खासगी पाणी' होय. शासनाचे नियम अशा पाण्याला लागू करण्यासाठी मालकाची व हक्कधारकांची लेखी संमती लागते. पुढे काही राज्यांनी स्वतंत्र कायदे केले. हिमाचल प्रदेशचा कायदा १९७६ चा आहे.

आर्थिक विश्लेषण

खासगी तळ्यात मालक इतरांना सहज रोखू शकतो. बीज, खाद्य व देखभाल यांचा खर्च तोच करतो. त्यामुळे तेथील शुल्क ही वस्तूची किंमत ठरते. नदी ही मात्र सामाईक साधनसंपत्ती आहे. एकाने पकडलेला मासा दुसऱ्यास मिळत नाही, तरीही लांबच लांब काठावर प्रत्येकाला रोखणे कठीण असते. निर्बंध नसल्यास अतिमासेमारी होते. गॅरेट हार्डिन यांनी १९६८ मध्ये मांडलेली 'सामाईक संपत्तीची शोकांतिका' ती हीच. म्हणून परवान्यासोबत विणीच्या काळातील बंदीही महत्त्वाची ठरते. हिमाचलमध्ये नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात ट्राउटची मासेमारी बंद असते.

खरा प्रश्न

परवाना शुल्क हे नदीच्या जतनासाठी दिलेले योगदान आहे, असा सर्वसाधारण समज असतो. प्रत्यक्षात राज्यघटनेच्या अनुच्छेद २६६ नुसार शासनाचा महसूल राज्याच्या एकत्रित निधीत जमा होतो. विधिमंडळाने तरतूद केली, तरच त्यातून नदीसाठी खर्च होतो. परवान्यांची विक्री वाढली, तरी काठावरचे रक्षक किंवा मत्स्यबीज आपोआप वाढत नाही.

काठावरील ग्रामस्थांचा विचारही महत्त्वाचा आहे. शुल्क पर्यटकांकडून घेतले आणि लाभ गावापर्यंत पोहोचला नाही, तर चोरटी मासेमारी रोखण्यात ग्रामस्थांना स्वारस्य उरत नाही. सामाईक संपत्तीचा वापर करणारे समूह स्वतः नियम बनवून तिचे रक्षण करू शकतात, हे एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी दाखवून दिले; २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

खासगी संवर्धनाने नदीवरील ताण कमी होऊ शकतो व पहाडी शेतकऱ्याला उत्पन्न मिळते. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत ट्राउट संवर्धनाला साहाय्य देण्यात आले. तथापि, तळे हा नदीला पर्याय नव्हे. तळ्याची काळजी मालक घेतो. नदीची काळजी शासन व समाज यांनी मिळूनच घ्यावी लागते.