दहावीच्या प्रमाणपत्रावरचं नाव

लाखनी, जि. भंडारा

चि. अमोल यास मामाचे अनेक आशीर्वाद.

तू अग्निवीर भरतीची तयारी करतो आहेस आणि पहाटे नेमानं धावतोस, हे ताईकडून कळलं. फार बरं वाटलं. सोळाशे मीटर कसं पळायचं हे सांगणारे गावात पुष्कळ आहेत. मी कागदपत्रांबद्दल लिहितो, कारण मैदान मारलेली पोरं एका दाखल्यापायी अडलेली मी पाहिली आहेत.

मुख्य गोष्ट आधी सांगतो. तुझं नाव, आईवडिलांची नावं आणि जन्मतारीख सैन्य दहावीच्या प्रमाणपत्रावरून धरतं. बाकी सगळे कागद त्याच्याशी जुळले पाहिजेत. आज रात्रीच दहावीचं प्रमाणपत्र, आधार, पॅन आणि बँकेचं पासबुक शेजारी ठेव आणि इंग्रजी अक्षरं एकेक करून ताडून बघ. आपल्याकडे एका कागदावर ‘देवराम’ असतं, दुसऱ्यावर ‘देवराव’. आईचं नाव कुठे ‘वंदना’, कुठे ‘वंदनाबाई’. घरात याचं काही अडत नाही, भरतीत अडतं.

आधारवर चूक असेल तर प्रमाणपत्र सोबत नेऊनच दुरुस्ती कर. नाव दोनदाच बदलता येतं आणि जन्मतारीख एकदाच, म्हणून अंदाजानं काही भरू नकोस. मोबाइल नंबर आधारला जोडलेला असू दे. चूक दहावीच्या प्रमाणपत्रावरच असेल, तर शाळेमार्फत नागपूरच्या विभागीय मंडळाकडे अर्ज करावा लागतो. त्याला वेळ लागतो, म्हणून ते काम सर्वांत आधी.

2023 पासून आधी ऑनलाइन लेखी परीक्षा होते, मग मैदान. निकाल लागल्यावर कागद गोळा करू म्हणशील तर धावपळ होईल. त्यापेक्षा कागदांचे आताच दोन भाग कर. अधिवास आणि जातीचे दाखले लवकर काढून ठेव. अधिवासासाठी सेतू केंद्रातून तहसीलदारांकडे अर्ज जातो, जातीचा दाखला उपविभागीय अधिकारी देतात. दहावी-बारावीचे निकाल लागले की प्रवेशासाठी तिथे झुंबड उडते, त्याआधीच जाऊन ये. दुसरा भाग चारित्र्याचा आणि अविवाहित असल्याचा दाखला यांचा. हे सहा महिन्यांच्या आतले लागतात, म्हणून फार लवकर काढून उपयोग नाही. परीक्षा झाली की सरपंच, पोलीस पाटील आणि शाळा यांच्याकडे जा. नेमकी यादी आणि नमुने दर भरतीच्या जाहिरातीत असतात. आपला जिल्हा नागपूरच्या सैन्य भरती कार्यालयाकडे येतो, त्यांचीच जाहिरात वाच.

कोणी म्हणेल, पैसे दे, दाखला मी आणून देतो. त्याच्या दारात उभा राहू नकोस. परीक्षेच्या शुल्काखेरीज भरतीला पैसा लागत नाही. खोटा कागद पुढे पडताळणीत उघडा पडला तर अंगावर चढलेली वर्दीही उतरते.

आता एक जड गोष्ट. अग्निवीराची नोकरी चार वर्षांची. पुढे चौघांतल्या जास्तीत जास्त एकाला कायम करतात, आणि चार वर्षांवर थांबणाऱ्याला पेन्शन नाही. मात्र सेवेत असताना 48 लाखांचा विमा असतो. तसा प्रसंग कधीही न येवो. पण आला, तर वारसाचं नाव एका अक्षरानं चुकलं म्हणून तुझ्या आईला कचेऱ्यांचे उंबरठे झिजवावे लागू नयेत. नावं जुळवायची ती केवळ तुझ्या निवडीसाठी नाहीत, तुझ्यामागे घरी राहणाऱ्यांसाठीही आहेत.

म्हणून ताईचं आधार आणि पासबुकही तपास, आणि कुठे काय जुळत नाही ते रविवारपर्यंत मला कळव. दुरुस्तीसाठी शाळेत जावं लागलं तर मी सोबत येईन.

तुझा,
मामा