वायुशोधक यंत्राची मात्रा : खोलीच्या घनफळावरून यंत्राची निवड

चरकसंहितेच्या विमानस्थानातील तिसऱ्या अध्यायात वायू, उदक, देश व काल यांच्या विकृतीमुळे जनपदोद्ध्वंस होतो असे प्रतिपादन आहे. विकृत वायूच्या लक्षणांत असात्म्य गंध, बाष्प, धूळ व धूर यांचा स्पष्ट उल्लेख येतो. श्वासाच्या हेतूंतही रज व धूम सांगितले आहेत. बोईसर-तारापूर परिसरात व्यवसाय करणाऱ्या वैद्यांना या वर्णनाचे निराळे स्पष्टीकरण नको. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या सर्वंकष पर्यावरणीय प्रदूषण निर्देशांकात तारापूर औद्योगिक क्षेत्र ९३.६९ गुणांसह देशात सर्वाधिक प्रदूषित ठरले. हा निर्देशांक हवा, पाणी व भूमी या तिन्हींचा मिळून असतो, हे मात्र ध्यानात ठेवावे.

अशा स्थितीत पालघर-बोईसर भागातील अनेक चिकित्सालयांत वायुशोधक यंत्रे घेतली जातात आणि श्वासाचे रुग्णही त्याविषयी सल्ला विचारतात. औषध योग्य असूनही मात्रा हीन असेल तर गुण येत नाही. यंत्राचेही तसेच आहे. प्रस्तुत लेखात ही मात्रा कशी ठरवावी याचा विचार करू.

गणित

पेटीवर 'इतक्या चौरस फुटांसाठी' असे छापलेले असते. केवळ त्यावर विसंबू नये. पाहावयाचा आकडा म्हणजे शुद्ध हवा पुरवठ्याचा दर, अर्थात सीएडीआर. यंत्र दर तासाला किती घनमीटर शुद्ध हवा देते, हे तो सांगतो.

१) खोलीची लांबी, रुंदी व उंची फुटांत मोजून गुणाकार करावा.
२) आलेल्या घनफुटांस ३५.३ ने भागावे, घनमीटर मिळतात.
३) त्यास ५ ने गुणावे. दर तासाला खोलीतील हवा पाच वेळा शुद्ध व्हावी, हे आज सर्वसाधारणपणे मान्य असलेले लक्ष्य आहे.

उदाहरणार्थ, १२ × १० फूट व १० फूट उंचीची तपासणीची खोली १,२०० घनफूट, म्हणजे ३४ घनमीटर होते. तिला १७० सीएडीआर हवा. २० × १५ फुटांच्या, तितक्याच उंचीच्या प्रतीक्षाकक्षास ४२५ लागेल.

आता पेटीवरील चौरस फुटांचे मर्म पाहू. ३०० सीएडीआरचे यंत्र १० फूट उंचीच्या खोलीत तासाला दोनच वेळा हवा शुद्ध करील असे धरले, तर सुमारे ५३० चौरस फूट दाखविता येतात. पाच वेळा धरले, तर जेमतेम २१० उरतात. यंत्र तेच, गृहीतक निराळे. जुन्या घरांची छते उंच असतात, तेथे तर केवळ क्षेत्रफळावरून केलेली निवड निश्चितच तोकडी पडते.

शिवाय हा आकडा बहुधा सर्वोच्च गतीचा असतो. त्या गतीला होणाऱ्या आवाजात स्टेथोस्कोपने श्वासध्वनी ऐकणे कठीण होते आणि रुग्णाची झोपही मोडते. यास्तव गणिताने आलेल्या आकड्याहून दीडपट ते दुप्पट क्षमतेचे यंत्र घेऊन ते मध्यम गतीवर चालवावे.

यंत्राच्या मर्यादा

हेपा गाळणी ०.३ मायक्रॉन आकाराचे किमान ९९.९७ टक्के कण अडविते. वायुरूप द्रव्ये मात्र तिच्यातून पार जातात. रासायनिक कारखान्यांकडून येणाऱ्या द्रावकांच्या वासासाठी सक्रिय कोळशाचा भरीव थर आवश्यक असतो. कोळशाचा नुसता पातळ लेप दिलेली जाळी लवकर निकामी होते. कोळशाचे वजन किती, हे विक्रेत्यास अवश्य विचारावे. आपल्या किनारी भागातील पावसाळी दमटपणातही कोळशाची शोषणशक्ती घटते. ओझोन निर्माण करणारी यंत्रे श्वासरुग्णांस अपायकारक असल्याने सर्वथा वर्ज्य करावीत.

यंत्र प्राणवायू निर्माण करीत नाही. बाहेरचा वास ओसरल्यावर खिडक्या उघडून वायुवीजन करावेच. क्षयाचे रुग्ण येणाऱ्या दवाखान्यात तर ते टाळू नये. उलट, रस्त्याकडे शटर पूर्ण उघडे असलेल्या औषधालयात यंत्र लावणे बहुतांशी व्यर्थ खर्च होय.

आपल्या व्यवसायातील हेतू

गुग्गुळ, निंब, वचा यांचे धूपन हाही धूरच आहे. ते रुग्ण नसताना करावे, त्या वेळी यंत्र बंद ठेवावे, नंतर खोली मोकळी करून मग यंत्र लावावे. चूर्ण कुटण्या-चाळण्याच्या खोलीत घरगुती वायुशोधक पुरत नाही. गाळणी अल्पावधीत भरते. तेथे धूळ उडते त्याच ठिकाणी ती ओढून घेणारी व्यवस्था आणि कामगारांस योग्य मुखपट्टी हवी.

रुग्णास सल्ला

बोईसरच्या एका खोलीत राहणाऱ्या कामगार कुटुंबास मोठ्या खर्चात घालण्यापूर्वी निदानपरिवर्जन समजावावे : घरातील उदबत्ती, मच्छर-कॉइल व धूम्रपान बंद करणे, ओल्या फडक्याने पुसणे, चुलीचा धूर बाहेर काढणे. त्यानंतरही यंत्र घ्यावयाचे असल्यास रुग्ण झोपतो त्या खोलीचे माप घ्यावे, यंत्र भिंतीपासून थोडे दूर ठेवावे आणि बदली गाळणीचा वार्षिक खर्च आधीच सांगावा. गाळणी बदलण्याची ऐपत नसेल, तर यंत्र न घेण्याचाच सल्ला द्यावा.

वैद्यबंधू-भगिनींनी आपल्या तपासणीच्या खोलीचे माप घेऊन वरील गणित एकदा करून पाहावे. रुग्णास सांगण्यापूर्वी ते आपल्याच खोलीत पडताळलेले असावे, असे आम्हांस वाटते.