सूडकथेचा आकृतिबंध : ‘सैरंध्री’ ते ‘सैराट’

अपमान, प्रतिज्ञा, प्रतीक्षा आणि वध हा सूडकथेचा आकृतिबंध मराठी प्रेक्षकाला मारधाडीच्या चित्रपटाने शिकविलेला नाही. विराटपर्वातील कीचकाची कथा त्याच्या परिचयाची होतीच. खाडिलकरांच्या ‘कीचकवध’ (१९०७) या नाटकात प्रेक्षकांनी कीचकाच्या ठिकाणी लॉर्ड कर्झनला पाहिले आणि १९१० मध्ये इंग्रज सरकारने ते नाटक बंद केले. बाबूराव पेंटरांनी हेच कथानक ‘सैरंध्री’ (१९२०) या मूकपटात पडद्यावर आणले. त्यातील कीचकवधाचे दृश्य इतके हुबेहूब वठले होते, की काही स्त्रिया प्रेक्षागृहातच मूर्च्छित झाल्या; पुढे ते दृश्य गाळावे लागले. म्हणजे पडद्यावरील हिंसेच्या देखणेपणाचा आणि तिच्यावरील आक्षेपाचा इतिहास मराठीत मूकपटाइतका जुना आहे.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. कीचकाचा वध प्रेक्षकाला हवा असतो, कारण हात भीमाचा असला तरी मागणी द्रौपदीची असते. पीडिताच्या बाजूने उगारलेला हात असला, की शैलीला नैतिक परवाना मिळतो. निशिकांत कामत यांच्या ‘लय भारी’ने (२०१४) हाच परवाना वापरला. जुळ्या भावांपैकी विठ्ठलाला वाहिलेला माउली दुसऱ्याच्या, म्हणजे प्रिन्सच्या, खुनाचा सूड घेतो. मंदगती चित्रण, टाळ्यांसाठी बेतलेली वाक्ये आणि पंढरीची पार्श्वभूमी यांमुळे मारामारीला उत्सवाचे रूप येते. तुकोबांची पालखी ज्या इंदापुरावरून पंढरीला जाते, त्या भागातील प्रेक्षकाला हा उत्सव ओळखीचा वाटला असल्यास नवल नाही.

इंदापूर तालुक्यातील वरकुट्याकडून उजनी जलाशयापलीकडे गेले, की करमाळा तालुका लागतो. याच तालुक्यातील जेऊर हे नागराज मंजुळे यांचे गाव आणि ‘सैराट’ची (२०१६) भूमीही हीच. पाण्याच्या दोन्ही काठांवर ऊस तोच, भावकी तीच आणि पाटीलकीचा तोराही बहुधा तोच.

‘सैराट’च्या पूर्वार्धात मंदगती चित्रण, वाद्यवृंद, बुलेट, ट्रॅक्टर अशी नायकपटाची सारी सामग्री आहे, परंतु ती सारी प्रेमावर खर्च झालेली आहे. हिंसेच्या वाट्याला तिचा कणही येत नाही. अर्चीचा भाऊ वर्गात शिक्षकाच्या थोबाडीत मारतो, त्या थपडीचा हिशेब चित्रपट कधीच चुकता करीत नाही. (या भावाचे नावही प्रिन्सच. योगायोग असेल, पण बोलका आहे.) अखेरीस हाच प्रिन्स नातलगांसह माहेरच्या भेटवस्तू घेऊन हैदराबादेत येतो. अर्ची चहा करते. पुढची हत्या पडद्यावर येतच नाही. शेजारणीबरोबर बाहेर गेलेले मूल परत येते तेव्हा सारे आटोपलेले असते आणि ध्वनीही काढून घेतलेला असतो.

ही केवळ संयमाची खूण मानणे अपुरे आहे. मारेकऱ्यांच्या दृष्टीने तेच सूड घेत आहेत, घराण्याच्या अब्रूचा. द्रौपदीची जागा येथे तालेवार घराने बळकावली आहे. अशा हिंसेला शैली दिली असती, तर दिग्दर्शकाचा हेतू काहीही असो, कॅमेरा मारेकऱ्यांच्या पंगतीला बसला असता. ‘फँड्री’मध्ये (२०१३) जब्याचा दगड थेट कॅमेऱ्याच्या दिशेने येतो, तेथे निदान भिरकावण्यासाठी एक हात उरला होता. येथे तोही नाही.

प्रकाश मेहरा यांच्या ‘जंजीर’शी (१९७३) तुलना केली म्हणजे हा फरक स्पष्ट होतो. तेथे लहानगा विजय आईवडिलांचा खून पाहतो, मारेकऱ्याच्या मनगटावरील साखळी लक्षात ठेवतो आणि मोठेपणी त्या खुणेवरून हिशेब पुरा करतो. सलीम-जावेद यांची संहिता जेथे सुरू होते, नेमकी तेथेच ‘सैराट’ची संहिता थांबते. मंजुळे यांचे मूल खूण लक्षात ठेवण्याच्या वयाचेच नाही. ते रडत बाहेर पडते आणि त्याच्या रक्ताळलेल्या पावलांचे ठसे दाराबाहेर उमटत जातात.